पडद्यावरचं मूल आणि त्यानंतरचा माणूस



तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात एक जुनी अमेरिकन टीव्ही मालिका कुठून आली, असं काहींच्या मनात येईल. पण सुख म्हणजे काय, 'मी' म्हणजे नेमका कोण, दुसऱ्या माणसाला साधन म्हणून वापरणं कुठे सुरू होतं, हे प्रश्न काही फक्त ग्रंथांत राहत नाहीत. संध्याकाळी घरात टीव्ही चालू असतो, तिथेही ते असतात. आज आपण एकच मालिका घेऊ, आणि तिच्यात काम केलेल्या मुलांचं पुढे काय झालं ते बघू. खरं म्हणजे, 'त्यांचं पुढे काय झालं' हे आपण कसं विचारतो, ते बघू.

मालिकेचं नाव 'लीव्ह इट टू बीव्हर'. पहिला भाग ४ ऑक्टोबर १९५७ रोजी दाखवला गेला. रशियाने स्पुटनिक सोडला तोच हा दिवस. पहिलं वर्ष ती सीबीएसवर होती, मग एबीसीवर गेली आणि १९६३ साली संपली. सहा वर्षं, २३४ भाग. मेफील्ड नावाचं एक काल्पनिक गाव. तिथलं क्लीव्हर कुटुंब. वडील ऑफिसात जाणारे, आई गळ्यात मोत्यांची माळ घालून घरकाम करणारी, थोरला मुलगा वॉली, आणि धाकटा थिओडोर, म्हणजे बीव्हर. बीव्हर काहीतरी गोंधळ घालतो, लपवतो, पकडला जातो, वडील समजावतात, संपलं.

आता कुणी म्हणेल, यात काय विशेष? विशेष आहे. त्या काळातल्या कौटुंबिक मालिकांत मुलं असत ती बहुतेक मोठ्यांच्या विनोदाला जोड म्हणून. इथे गोष्ट मुलाच्या बाजूने सांगितली जाते. जो कॉनेली आणि बॉब मोशर हे दोघे निर्माते स्वतः लेकुरवाळे होते, आणि घरी घडलेले, मुलांच्या तोंडून ऐकलेले प्रसंग ते सरळ लिखाणात घेत. सुरुवातीच्या एका भागात दोघे भाऊ पोस्टाने सुसरीचं पिल्लू मागवतात आणि संडासाच्या टाकीत ठेवतात. टीव्हीवर संडास दाखवायचा नाही असा तेव्हाचा दंडक. वाद झाला आणि शेवटी फक्त टाकी दाखवायची परवानगी मिळाली! या मालिकेत वडीलही चुकतात, कधी मुलावर उगाच चिडतात, मग ओशाळतात. हे तिचं बळ.

तिची उणीवही सांगायला हवी. मेफील्डमध्ये काळा माणूस जवळजवळ दिसतच नाही. पैशाची चणचण नाही, आईला घराबाहेर फारसं जग नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे कोणतीही चूक अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत नाही. प्रत्येक आठवड्याला मुलाला माफी मिळते आणि पाटी कोरी होते. ही माफी आपण लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

आता एक शब्द घेऊ. नाटकातल्या व्यक्तीला आपण 'पात्र' म्हणतो. पात्र म्हणजे भांडंसुद्धा. अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिताना या दोन अर्थांची सांगड घातली आहे. रसाचा आस्वाद प्रेक्षकाला मिळतो, नटाला नाही. पेल्यातल्या पेयाची चव पेल्याला कुठे लागते? नट म्हणजे भांडं. नाटक संपलं की ते रिकामं होतं आणि घरी जातं. ही कल्पना फार सोयीची आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे. भांडं आधी घडलेलं असलं पाहिजे, भाजून पक्कं झालेलं असलं पाहिजे. आठ वर्षांचं मूल म्हणजे कच्चं मडकं. त्यात सहा वर्षं रोज दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य ओतलं, तर ते मडक्यात मुरणार नाही का? आणि एकदा मुरल्यावर बघणाऱ्यालाही भांडं कुठलं आणि पेय कुठलं हे वेगळं काढता येत नाही.

बीव्हरचं काम करणारा मुलगा जेरी मॅथर्स, जन्म १९४८. त्याची निवड कशी झाली, तो किस्सा प्रसिद्ध आहे. चाचणीला तो कब स्काऊटच्या गणवेशात आला होता आणि अस्वस्थ दिसत होता. विचारल्यावर म्हणाला, मला स्काऊटच्या सभेला जायचंय. निर्मात्यांना हे इतकं आवडलं की भूमिका त्यालाच मिळाली. म्हणजे बघा, इथून निघून जायची इच्छा प्रामाणिकपणे बोलून दाखवली, म्हणून त्याला सहा वर्षं ठेवून घेतलं! निर्मात्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांना खरं मूल हवं होतं आणि ते मिळालं. पण खऱ्या मुलाचं खरेपण हाच इथे विकायचा माल आहे, हे या किश्श्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

मालिका संपल्यावर मॅथर्स शाळेत गेला, एअर नॅशनल गार्डमध्ये दाखल झाला. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. तेवढ्यात देशभर अफवा पसरली की बीव्हर युद्धात मारला गेला. लोक हळहळले. तो कधी व्हिएतनामला गेलाच नव्हता. १९७३ साली त्याने बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदवी घेतली, आणि विषय कोणता? तत्त्वज्ञान! आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा आनंद होणारच. पुढे त्याने बँकेत नोकरी केली, जमीनजुमल्याचा व्यवसाय केला. अफवा सगळ्यांना ठाऊक, पदवी फार थोड्यांना.

दुसरा केन ऑस्मंड. वॉलीचा मित्र एडी हॅस्केल, म्हणजे मोठ्यांसमोर साखरेसारखा गोड आणि पाठ फिरली की आगाऊ. हे पात्र इतकं जमलं की अमेरिकेत अशा माणसाला आजही एडी हॅस्केल म्हणतात. आणि म्हणूनच ऑस्मंडला दुसरं काम मिळेना. १९७० साली तो लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात शिपाई झाला, आणि चटकन ओळखू येऊ नये म्हणून मिशा वाढवल्या. १९८० साली एका गाडीचोराचा पाठलाग करताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चिलखती जाकीट आणि कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, यांमुळे जीव वाचला. २०२० साली तो गेला. आपल्या शहरासाठी छातीवर गोळ्या झेललेला हा माणूस, पण मृत्यूच्या बातम्यांत आधी काय आलं? एडी हॅस्केल गेला.

तिसरा टोनी डाऊ, थोरला भाऊ वॉली. तो पोहण्यात, सूर मारण्यात तरबेज होता. विशीत त्याला नैराश्याने गाठलं, आणि पुढे त्याबद्दल तो उघडपणे बोलला. इतरांनाही बोलता यावं, हा त्यात हेतू होता. त्याने टीव्ही मालिकांचे भाग दिग्दर्शित केले आणि नंतर शिल्पकार म्हणून नाव मिळवलं. २०२२च्या जुलैमध्ये तो गंभीर आजारी असताना त्याच्या निधनाची बातमी एक दिवस आधीच जाहीर झाली. ती चुकीची होती, मागे घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच गेला. चूक मुद्दाम कुणी केली नव्हती. पण जगाचे हळहळीचे लेख मात्र लगेच बाहेर पडले, आणि त्यांतला बराच मजकूर वयाच्या अठराव्या वर्षी संपणाऱ्या मुलाबद्दल होता.

आता ॲरिस्टॉटलकडे येऊ. माणसाला सुखी कधी म्हणावं? सोलोन म्हणाला होता, शेवट बघितल्याशिवाय कुणाला सुखी म्हणू नका. ॲरिस्टॉटल 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या पहिल्या भागात याची चिकित्सा करतो, आणि जाता जाता मुलांबद्दल एक वाक्य टाकतो. त्याचा आशय असा : मुलाला खऱ्या अर्थाने सुखी म्हणता येत नाही, कारण सुखाला पुरं आयुष्य लागतं, स्वतः केलेली चांगली कर्मं लागतात. आपण मुलाला सुखी म्हणतो ते त्याच्याविषयीच्या आशेपोटी.

आमच्या मते बालकलाकाराचं दुःख नेमकं इथे आहे. इतर कुठल्याही मुलाला आपण विचारतो, मोठेपणी तू कोण होणार? हीच ती आशा. बालकलाकाराला हे कुणी विचारत नाही. तो जे व्हायचं ते झालेलाच आहे, असं आपण धरून चालतो. मग तिसाव्या वर्षी आपण त्याला गाठतो आणि विचारतो, हल्ली काय करतोस? शब्दांत फरक थोडा, पण पहिल्या प्रश्नात दार उघडं आहे आणि दुसऱ्यात बंद झालेलं आहे. 'हल्ली' म्हणजे खरं आयुष्य संपल्यावर उरलेला वेळ.

म्हणून अशा माणसांवर जे लिहिलं जातं, ते दोनच साच्यांत बसतं. एक, पडझड. दुसरा, आश्चर्य : बघा, हा चक्क बरा निघाला! बीव्हरचा मित्र व्हायटी याचं काम करणारा स्टॅन्ली फाफारा पुढे व्यसनात सापडला, औषधांची दुकानं फोडली, तुरुंगात गेला. हे सगळे सांगतात. शेवटची काही वर्षं तो व्यसनातून बाहेर येऊन जगला, हे सांगायला मात्र लेखात जागा उरत नाही. पडझडीचा साचा पुरा झालेला असतो ना! मघाशी आम्ही माफीबद्दल बोललो. मेफील्डमध्ये मुलाच्या चुकीला अर्ध्या तासात क्षमा मिळे. त्याच मुलांना प्रौढपणी आयुष्यभर ती मिळाली नाही. आणि काहींची तर चूकही नव्हती. ते फक्त मोठे झाले होते.

आता आक्षेप. एक नेहमीचा : पैसा मिळाला, नाव मिळालं, मग तक्रार कसली? पैशाचं बघू. 'द किड' या १९२१च्या चित्रपटात चॅप्लिनबरोबर काम केलेला जॅकी कूगन. लहानपणी त्याने लाखो डॉलर मिळवले, आणि सज्ञान झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी ते बहुतेक उडवले. कारण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मुलाची कमाई पालकांची. १९३८ साली तो कोर्टात गेला, हाती आले सुमारे सव्वा लाख डॉलर. त्यातून १९३९चा कॅलिफोर्नियाचा 'कूगन कायदा' झाला. त्यालाही पळवाटा होत्या. मुलाची कमाई मुलाचीच, आणि त्यातले किमान १५ टक्के बाजूला ठेवायचे, हे नीट ठरायला २००० साल उजाडलं. शिवाय त्या काळच्या करारांत पुनःप्रसारणाचा मोबदला पहिल्या काही वेळांपुरताच असे. बीव्हर पुढे दशकानुदशकं दिसत राहिला.

पैशापलीकडचं काय? 'मेक रूम फॉर डॅडी'मधला बालनट रस्टी हॅमर याने १९९० साली स्वतःचं आयुष्य संपवलं. 'द डोना रीड शो'मध्ये मुलाचं काम केलेल्या पॉल पीटरसनने त्यानंतर 'अ मायनर कन्सिडरेशन' ही संस्था उभी केली. एकेकाळच्या बालकलाकारांनीच बालकलाकारांसाठी चालवलेली. प्रेक्षकांना जे सुचलं नाही, ते सोसलेल्यांना सुचलं.

हे दूरच्या देशाचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या मुंबईत रोज मालिकांचं चित्रीकरण चालतं आणि त्यात मुलं असतात. आपल्याकडे २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, कलाकार मुलांना अटींवर सूट मिळाली. २०१७च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि उत्पन्नाचे किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. नियम चांगले आहेत. पण कायदा तास मोजू शकतो, पैसे राखू शकतो. बघणाऱ्याची नजर त्याला बदलता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही मंडळी स्वतःच परत आली की! १९८३ साली 'स्टिल द बीव्हर' हा टीव्ही चित्रपट आला, आणि त्यातून १९८९पर्यंत चाललेली नवी मालिका निघाली. मॅथर्स, डाऊ, ऑस्मंड तिघेही त्यात होते. ऑस्मंडने तर एडीच्या मुलांच्या भूमिकांत आपली खरी मुलं उतरवली. मग छळ कुठला?

आम्ही छळ म्हटलेलंच नाही. काम त्यांना आवडत असेल, आठवणी गोड असतील. पण पस्तिशीचा माणूस करार वाचून, नको तर नको म्हणू शकत असताना परत येतो, हे वेगळं. आठ वर्षांच्या मुलाला सभेला जायचं होतं, ते वेगळं. आणि नव्या मालिकेत एक चांगली गोष्ट होती. तिथला बीव्हर घटस्फोटित होता, दोन मुलांना घेऊन आईच्या घरी परत आलेला. वडिलांचं काम करणारे ह्यू बोमाँट १९८२ साली वारले होते, म्हणून कथेतही वडील नव्हते. म्हणजे पात्राला एकदाचं म्हातारं व्हायची, हरायची मुभा मिळाली. जे लेखकांनी पात्राला दिलं, तेवढं तरी आपण माणसाला द्यावं, एवढंच म्हणणं आहे.

मग आपण बघणाऱ्यांनी करायचं काय? मालिका बघणं सोडायचं नाही. मूल गोड आहे म्हणायलाही हरकत नाही. पण त्या मुलाने तेव्हा केलं ते काम होतं, ते पुरं झालं, त्याचा मोबदला चुकता व्हायला हवा, आणि हिशेब तिथे मिटायला हवा. पुढचं आयुष्य त्या मालिकेचा उरलेला भाग नाही. तो पोलीस झाला, बँकेत गेला, शिल्पं घडवू लागला किंवा नुसताच घरी बसला, तरी आपल्याला तो काही देणं लागत नाही. कधी भेटलाच, तर 'हल्ली काय करतोस' ऐवजी इतर कुणाही प्रौढ माणसाला विचारतो तसं 'आपण काय करता' असं विचारावं, आणि उत्तर ऐकून घ्यावं.

वेळ होत आली आहे, आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.