विशारदनंतरची दहा वर्षं

इंदुरात गाणं शिकणाऱ्या मुलांना तोटा नाही. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, टिळक नगर, संध्याकाळी कुठेही निघा. एखाद्या खिडकीतून भूपाचे अलंकार नाहीतर तीनतालाचा ठेका ऐकू येतोच. मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात, शासकीय संगीत महाविद्यालयात शिकतात, सुगम संगीताच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवतात. पालक हौसेने फी भरतात, शिक्षक जीव ओतून शिकवतात. आणि मग पंचविशीच्या आसपास यांतली फार थोडी मंचावर उरतात. बाकीची बँकेत, आयटी कंपनीत, वडिलांच्या दुकानात जातात. सगळ्यांनी गवई व्हावं असं कुणीच म्हणत नाही. पण ज्यांची तयारी होती, ज्यांना दुसरं काही करायचंच नव्हतं, त्यांचंही गाणं सुटतं. ही गळती प्रतिभेच्या अभावाने होत नाही. विशारद झाल्यानंतरची दहा वर्षं काढायची कशी, याची कसलीही सोय गावात नाही, म्हणून ती होते.

पूर्वी ही सोय होती, आणि ती काय होती हे पाहण्यासारखं आहे. वाईकडचे नाना पानसे होळकरांच्या आश्रयाने इथे स्थिरावले आणि पखवाजाचं एक घराणंच उभं राहिलं. बीनकार बंदे अली खाँ इथे राहिले. सारंगिये शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी होते. त्यांच्या घरी गवई-वादकांचं येणंजाणं असे, आणि त्याच घरात अमीर खाँ वाढले, मेरुखंडाचे पलटे तिथेच घोटले. अमीर खाँसाहेबांची गोष्ट आपण सांगतो ती नेहमी शेवटाकडून, मारवा आणि दरबारीच्या रेकॉर्डकडून. मधली वर्षं कुणी सांगत नाही. जन्म 1912 चा. 1934 च्या सुमाराला ते मुंबईला गेले, थोड्या मैफली झाल्या, तबकड्या निघाल्या, पण जम बसला नाही. 1936 मध्ये रायगढच्या राजा चक्रधर सिंहांकडे राहिले. ‘बैजू बावरा’ आला 1952 मध्ये, म्हणजे तेव्हा ते चाळिशीला आले होते. एवढ्या अवधीत त्यांनी आपली अतिविलंबित गायकी शोधली, आणि त्या शोधाला कुणीतरी अन्नवस्त्र पुरवलं. कधी संस्थान, कधी तबकडीवाली कंपनी, पुढे रेडिओ आणि सिनेमा.

देवासचं उदाहरण याहून जवळचं. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाने आजारी होऊन माळव्यात आले. काही वर्षं गाणं बंद होतं. त्या वर्षांत त्यांच्या कानावर माळवी लोकगीतं पडली, आणि बरे झाल्यावर त्यांचं गाणं वेगळंच होऊन बाहेर आलं, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या काळात घर चाललं ते भानुमतीबाईंच्या शाळेतल्या नोकरीवर. त्या स्वतः गायिका होत्या. एका शिक्षिकेच्या पगारावर भारतीय संगीतातलं एक मोठं वळण उभं आहे, ही गोष्ट मला कुमारांच्या कुठल्याही बंदिशीइतकीच महत्त्वाची वाटते. ती सांगितल्याशिवाय कुमारांचं चरित्र कुणी तरुण मुलांना सांगू नये.

तिसरा मार्ग अरुण दात्यांचा. इंदूरचे रसिकाग्रणी रामूभैया दाते यांचा हा मुलगा. भावगीत म्हटलं की महाराष्ट्राला पहिल्यांदा त्यांचाच आवाज आठवतो, पण अनेक वर्षं ते कापड उद्योगात टेक्स्टाइल इंजिनिअर म्हणून नोकरी करत होते. नोकरीने गाणं मारलं नाही. उलट कुठलं गाणं घ्यायचं आणि कुठलं नाकारायचं याची मोकळीक दिली. गाण्याचे वर्ग चालवणाऱ्यांनी हे मुलांना उघडपणे सांगायला हवं. सध्या दोनच गोष्टी सांगितल्या जातात: झोकून दे, नाहीतर छंद म्हणून ठेव. यांच्या मधे एक प्रशस्त जागा आहे आणि मोठमोठी माणसं तिथे राहून गेली आहेत.

आता आजची स्थिती. संस्थानाची जागा सरकारने घेतली, पण अर्धवट. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय 18 ते 25, दरमहा 5000 रुपये, दोन वर्षं. चांगली योजना आहे, पण पंचविशीला तिचा हात सुटतो, आणि नेमकी पंचविशीलाच घरून विचारणा सुरू होते. पुढे चाळिशीच्या आतल्यांसाठी संगीत नाटक अकादमीचा बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे. तो ज्यांचं नाव झालं त्यांना मिळतो. शिकणाऱ्याला मदत आणि नाव कमावलेल्याला पुरस्कार. मधे जो रोज चार तास रियाज करून महिन्याला एक कार्यक्रम शोधतो आहे, त्याच्यासाठी कुणाकडे रकाना नाही.

रेडिओने हा रकाना एके काळी भरला होता. इंदूरचं आकाशवाणी केंद्र 1955 चं. मालवा हाऊसला जाऊन ऑडिशन द्यायची, बी किंवा बी-हाय श्रेणी मिळवायची, वर्षातून काही ध्वनिमुद्रणं आणि त्यांचा चेक. रक्कम बेताची, पण नावापुढे ‘आकाशवाणी कलाकार’ लागे आणि त्या शिक्क्यावर शिकवण्या मिळत. शिवाय केंद्रावर पगारी वादक असत. त्यांच्यासोबत गाताना नवख्याला जी शिस्त लागे ती कुठल्या वर्गात लागत नाही. या पगारी जागा वर्षानुवर्षं आटत गेल्या. श्रेणी अजून मिळते, मान अजून आहे, पण पोटापाण्याचा आधार म्हणून तिच्याकडे आज कुणी पाहत नाही.

मग उरतात शाळा, शिकवण्या, आणि कॉलेजात अतिथी विद्वान म्हणून तासिका. आणि लग्नं. माझ्या ओळखीत एक तबलावादक मुलगा आहे. सकाळी रियाज, दुपारी शाळेत संगीत शिक्षक, संध्याकाळी दोन घरी शिकवणी, आणि सिझनमध्ये रात्री ‘संगीत’च्या कार्यक्रमात ढोलकीपासून ऑक्टोपॅडपर्यंत पडेल ते. एकदा शास्त्रीय गायनाच्या साथीला त्याला बोलावलं होतं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पुडी उतरली; नवी बसवून, गट्टे सारखे करून, सूर धरेपर्यंत त्याचा जीव टांगणीला. जाण्यायेण्याचं पेट्रोल त्याचं, तालमीच्या दोन संध्याकाळी त्याच्या, त्यापायी शिकवणीचे दोन खाडे. शेवटी पाकिटात जे निघालं त्यात नवीन पुडीचे पैसेही भागले नाहीत, आणि वर आयोजक म्हणाले, ‘अरे, मंच मिळाला ना!’ त्या रात्री त्याने वाजवलेला झपताल मी विसरलेलो नाही. पुढच्या वेळी त्याने लग्नाची तारीख घेतली, आणि त्याला दोष देण्याचा हक्क आपल्यापैकी कुणालाच नाही.

साथीदारांचं हे दुखणं मुळाशी आहे. तरुण गायकाला कुठेतरी कार्यक्रम मिळतो, पण मानधनातून तबला आणि हार्मोनियमचे पैसे देऊन त्याच्या हाती काही उरत नाही. कित्येकदा पदरचे घालावे लागतात. उद्घाटनाचे हार, स्मृतिचिन्हं, शाली, मोठ्ठं फ्लेक्स यांवर खर्च करताना कुणी घासाघीस करत नाही. घासाघीस होते ती ठेका धरणाऱ्याशी.

गावात श्रोते नाहीत हे कारण मला पटत नाही. उस्ताद अमीर खाँ समारोहाला लोक येतात. लता मंगेशकर अलंकरण 1984 पासून दिलं जातं, त्या कार्यक्रमाला गर्दी लोटते. लताबाई, किशोरकुमार, मुकेश यांच्या गाण्यांच्या रात्री तर भरगच्च भरतात, आणि हौशी कराओके मंडळींचा उत्साह दांडगा आहे. पण यांतलं बरंच काही मोफत पासांवर चालतं. गाण्याला पैसे द्यायचे असतात ही सवयच मोडली आहे. बाहेरून येणाऱ्या मोठ्या नावासाठी प्रायोजक मिळतो, गावातल्या मुलीने तासभर पूरिया मांडला तर तो ‘घरचा’ कार्यक्रम ठरतो, म्हणून फुकट.

मात्र इंदूरच्या मराठी माणसाला पैसे भरून कला पाहण्याची सवय लावता येते, हे याच गावात सिद्ध झालं आहे. सानंद न्यासाने वर्गणी भरणाऱ्या सभासदांचे पाच गट उभे केले. रामूभैया दाते, मामा मुजुमदार, राहुल बारपुते यांची नावं त्यांतल्या तीन गटांना आहेत. मुंबई-पुण्याचं नाटक आलं की एकेका गटासाठी त्याचा प्रयोग होतो. नाटक कंपनीला प्रयोगांची हमी, सभासदाला जागेची हमी. महाराष्ट्राबाहेर मराठी नाटकाला एवढा पक्का प्रेक्षक मी दुसरीकडे पाहिलेला नाही. हीच घडी संगीताला का बसू नये? हजार माणसांच्या सभागृहाची गरज नाही. दीडशे सभासद, महिन्यातून एक बैठक, पस्तिशीच्या आतले कलावंत, आणि साथीदारांचं मानधन गायकाच्या मानधनातून न कापता वेगळं ठरलेलं. आपल्या गावच्या मुलीला वर्षात दोनदा ऐकलं की तिचा पूरिया कुठून कुठे गेला हे श्रोत्यालाही कळू लागतं. असे श्रोते मिळाले तरच गायकी पिकते.

अभ्यासक्रमाबद्दलही बोललं पाहिजे. आपले विद्यार्थी रागांची शास्त्रीय माहिती घडाघडा सांगतात, भातखंडे आणि पलुसकर या दोन्ही स्वरलिपी लिहितात. पण करारपत्र कसं वाचायचं, ध्वनिमुद्रण विकलं तर त्याचे हक्क कुणाकडे जातात, हे त्यांना कुणी शिकवत नाही. 2012 च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा भक्कम हक्क दिला आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचेही हक्क वाढवले. मुलं मात्र आपली चाल यूट्यूब चॅनेलवाल्याला देऊन मोकळी होतात आणि लिंक मिळाली यात समाधान मानतात. ध्वनिमुद्रण, ध्वनिव्यवस्था, संगीत संयोजन, वाद्यदुरुस्ती ही सगळी संगीतातलीच कामं आहेत. चांगला तबला मढवणारा माणूस शोधायला गेलं की कळतं या शहरात काय कमी आहे ते. पदवीच्या शेवटच्या वर्षी यातलं एक काम हाताला लागलं, तर पुढची दहा वर्षं मुलगा रियाज सोडणार नाही; निदान पैशासाठी तरी सोडणार नाही.

इंदूरमध्ये जन्मलेल्या लताबाई, इथून मुंबईला गेलेले अरुण दाते, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेले गीतकार स्वानंद किरकिरे यांचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. जाणारे जातीलच, गेलेच पाहिजेत. पण इथेच राहून शिकवणारे, गाणारे, साथ करणारे टिकले नाहीत, तर पुढच्या पिढीला शिकवायला उरणार कोण? त्यासाठी आधी करता येईल अशी एक गोष्ट अगदी छोटी आहे. शहरात होणाऱ्या प्रत्येक संगीत समारोहाच्या आयोजकांनी पहिलं सत्र माळव्यातल्या तरुण कलावंताला द्यावं. पंधरा मिनिटांची भरती म्हणून नव्हे, पूर्ण तासाभराचं. मानधनाचा आकडा आधी लेखी कळवावा, साथीदारांचा वेगळा, आणि ध्वनिमुद्रणाची प्रत त्याला त्याच आठवड्यात मिळावी, म्हणजे दुसऱ्या गावच्या आयोजकाला पाठवायला त्याच्या हातात काहीतरी असेल.