‘सोबत’ आणि ‘ऐवजी’

‘पूरक उपचार’ हा शब्द शहरी सुशिक्षितांच्या तोंडी फार सहजपणे येतो. रक्तदाबाची गोळी चालू असते. जोडीला काढा, योगासने, तेलमालीश. चुकलेच काही तर दवाखाना हाकेच्या अंतरावर. माझा प्रश्न साधा आहे. ज्याच्याकडे मूळच अपुरे आहे, त्याने पूरक कशाला म्हणायचे?

हा प्रश्न हरसूलच्या बाजारात उभे राहून विचारला पाहिजे. नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेकडचे हे गाव. भोवताली कोकणा, वारली, महादेव कोळ्यांचे पाडे. साप चावला की भगत आधी भेटतो, कारण तो पाड्यावरच राहतो. तो दाणे पाहतो, मंत्र घालतो, पाला वाटून देतो. आपण परिवर्तनवादी लगेच म्हणतो, अंधश्रद्धा! खरेच आहे ते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उतारा. बिनविषारी साप चावलेला माणूस जगतो आणि श्रेय भगताच्या पदरात पडते.

पण याच तालुक्यात, त्र्यंबकला, नारायण-नागबळी होतो. पिठाचा नाग करून त्याला अग्नी देतात. मूल होत नाही, दुखणे हटत नाही, म्हणून शिकलेली माणसे तीन दिवस तिथे बसतात. त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही. संस्कृतात म्हटले की विधी, पाड्याच्या बोलीत म्हटले की भगतगिरी!

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याची अनुसूची कार्यकर्त्यांनी बारकाईने वाचावी. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, हा गुन्हा आहे. म्हणजे कायद्याचे बोट रोखण्यावर आहे, ‘ऐवजी’वर आहे. जखम न कापता, न आवळता, दोन शब्द पुटपुटून रुग्णाला तत्काळ गाडीत घालणारा भगत आणि त्याला रात्रभर बसवून ठेवणारा भगत यांना मी एका मापाने मोजणार नाही. पहिल्याला सोबत घेतले पाहिजे. मात्र पुराचा ओढा रोखतो, उपकेंद्राचे कुलूप रोखते, तेव्हा रोखणारा कोण? त्याच्यासाठी अनुसूचीत ओळ नाही.

वनौषधींचे गोडवे गाणाऱ्यांचेही मला पटत नाही. सर्पगंधा ही मुळी नावाप्रमाणे सर्पदंशावर वापरली जाई. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा गुण दाखवला तो रक्तदाबावर! लोकांचे ज्ञान खोटे नव्हते, पण तपासल्याशिवाय ते नेमके कशाचे आहे हे कळले नसते. तपासणीला इथे मान कधी होता? रोग्याला शिवणाऱ्या वैद्याचे अन्नसुद्धा मनुस्मृतीने निषिद्ध ठरवले. नाळ कापणारी सुईण तर कित्येक गावांत आपल्याच वस्तीतली. बाळ तिच्या हातात चाले, तिच्या हातचे पाणी चालत नसे.

आता शासनाचे पाहू. १९९५ च्या नवसंजीवनी योजनेत आदिवासी भागासाठी मानसेवी डॉक्टर आले. आयुर्वेदाचे पदवीधर, तुटपुंज्या मानधनावर. पाड्यांवर फिरताना त्यांच्या पिशवीत असतात त्या ॲलोपॅथीच्या गोळ्या. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण कागदावर हे आयुर्वेदाला सोबत घेणे ठरते, आणि पाड्यावर ते पूर्ण वेळच्या डॉक्टरऐवजी असते.