‘अजय-अतुल’मधली छोटी रेघ

‘गीत पी. सावळाराम, संगीत वसंत प्रभू.’ जुन्या मराठी गाण्यांचं श्रेय असं दोन खणांत मांडलेलं असायचं. ठाणेकर सावळारामांचे शब्द, प्रभूंची चाल. कुणाला कशासाठी दाद द्यायची, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं.

आता ठाणे-डोंबिवलीतल्या हळदीत हमखास वाजणाऱ्या ‘झिंगाट’चं श्रेय बघा. शब्द अजय-अतुल, संगीत अजय-अतुल, आवाजही अजय-अतुल. दोन सख्खे भाऊ आणि मध्ये एक छोटी रेघ. त्या रेघेत नेमकं काय घडतं, हे आपण विचारत नाही. ‘भावाभावांचं जमतं’ म्हणून सोडून देतो. पण ‘सैराट’ची (२०१६) गाणी नीट ऐकली, तर बरंचसं उत्तर त्यांतच सापडतं.

‘याड लागलं’चे शब्द कागदावर उतरवून वाचा. कविता म्हणून ते साधेच आहेत, प्रतिमाही ओळखीच्या. पण अजय गोगावले गायला लागला की तेच शब्द अंगावर येतात. ‘वेड’ऐवजी ‘याड’ हे नुसत्या गावरान रंगासाठी नाही. ‘याड’ आणि ‘लागलं’ दोन्ही आ-काराने उघडतात, सुराला पसरायला जागा देतात. ‘वेड’ म्हटलं की तोंड अर्धं मिटतं. इथे चालीवर शब्द बसवलेले वाटत नाहीत. दोन्ही एकाच गळ्यातून एकदम निघाल्यासारखे वाटतात. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकाच घरातले असण्याचा हा खरा फायदा.

याची परीक्षा ‘धडक’ने (२०१८) घेतली. चाल तीच, भाऊ तेच, फक्त शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. भट्टाचार्य काही कच्चे गीतकार नाहीत. तरी ‘याड लागलं’चं ‘पहली बार’ झालं आणि गाणं गुळगुळीत झालं. ‘झिंगाट’ हा शब्द मात्र हिंदीतही तसाच ठेवावा लागला. ठेका त्या शब्दावरच उभा आहे, तो काढला तर गाणंच बसतं.

इथवर सगळं कौतुकाचं. पण घरातल्या जोडीची एक अडचणही असते. दोघांचे कान एकत्रच घडलेले असतात. वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदल्यांमुळे या दोघांनी लहानपणी पुणे जिल्ह्यातली तीच ती गावं पाहिली, तिथलं गाणं-बजावणं ऐकलं. एकाला भावलेलं दुसऱ्यालाही भावतं. मग ‘हे आधी करून झालंय’ असं कोण म्हणणार?

म्हणूनच त्यांची मोठी कामं बघताना मला तिसरा माणूस महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणाऱ्या ‘जोगवा’त शब्द संजय कृष्णाजी पाटील यांचे होते, ‘नटरंग’मध्ये (२०१०) गुरू ठाकूर यांचे. ‘सैराट’मध्ये भावांनी लेखणी स्वतःकडे घेतली, तरी तिथे नागराज मंजुळे होताच. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ लिहिणारा कवी, करमाळ्याकडचा माणूस. गीतकार म्हणूनही त्याचं नाव भावांसोबत लागलं. पडद्यावरची माती त्याची, बोली त्याच्या मुलखाची. ही गाणी लाडिक प्रेमगीतं होऊन बसली नाहीत, त्यात या घराबाहेरच्या माणसाचा वाटा आहे, असं माझं वाचन आहे.

हा प्रश्न फक्त मोठ्या नावांचा नाही. आज कल्याणच्या वन रूम किचनमध्ये ताई शब्द लिहिते, धाकटा भाऊ लॅपटॉपवर बीट बनवतो आणि गाणं दोघांच्या नावाने एकत्रच अपलोड होतं. कायदा मात्र ती छोटी रेघ ओळखत नाही. त्याच्या लेखी शब्द ही एक कृती, संगीत ही दुसरी. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार दोघांनाही रॉयल्टीत हक्काचा वाटा दिला. तो मागायचा तर कुणी काय केलं, हे आधी ठरलेलं हवं. आणि घरात नेमकं हेच विचारायला जड जातं. ज्याचं नाव जास्त झळकतं तोच सगळ्याचा धनी होतो, आणि बहुतेकदा मागे राहते ती शब्द लिहिणारी.

अजय-अतुलना ती रेघ मानवली, कारण त्यांनी पहिल्यापासून सगळं एकाच नावावर ठेवलं. तुमच्या घरातही तसंच ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. फक्त ते दोघांनी बसून ठरवलेलं असू द्या. आणि गाणं बाहेर सोडण्याआधी घराबाहेरच्या एखाद्या खडूस माणसाला ऐकवा.