आवाज आणि मोजपट्टी

१९७५ साली डेव्हिड बोवी या गोऱ्या रॉक गायकाने ‘यंग अमेरिकन्स’ हा अल्बम काढला. काळ्यांच्या ‘सोल’ संगीताचा साज त्याने उचलला आणि तो त्याचा नवा अवतार ठरला. त्याच्यामागे कोरसात गाणाऱ्या ल्यूथर व्हँड्रॉस या काळ्या गायकाचा पहिला एकल अल्बम मात्र १९८१ साली आला.

आपल्याकडे प्रल्हाद शिंदे यांचा प्रवास उलटा. भीमगीते, कव्वाली गाणाऱ्या याच गळ्याने विठ्ठलाची गाणी घराघरांत नेली. आषाढीला आमच्या सोलापूर जिल्ह्यात ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ आजही कर्ण्यावर वाजते. याच पंढरीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले होते. उंबरठ्यावर अडवलेल्यांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत पोचला, माणसाचे काय?

बावीस प्रतिज्ञांच्या कसोटीवर ही गाणी मलाही टोचतात. ते टोचणे मी लपवणार नाही. पण गोऱ्याने उचलले की प्रयोग आणि आपल्या माणसाने गायले की पोटार्थीपणा, ही मोजपट्टी प्रस्थापितांची आहे. ती आपण का वापरावी? शिंद्यांची कठोर चिकित्सा जरूर करू. पण आधी त्यांना कलावंत म्हणू.