काळ्या जमिनीवरील गल्ल्यांची पुनर्बांधणी : सी. बी. आर. पद्धतीचा परामर्श

वस्तीतील जुना रस्ता उखडून नव्याने बांधावयाचा झाल्यास अभियंता प्रथम पायाच्या मातीचे ‘कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो’, म्हणजेच सी. बी. आर., काढवितो आणि त्यावरून थरांची जाडी ठरवितो. इंडियन रोड्स काँग्रेसची लवचीक रस्त्यांविषयीची मार्गदर्शिका प्रथम 1970 साली प्रसिद्ध झाली. 2012 व 2018 च्या आवृत्त्यांत तिची मांडणी अधिक विश्लेषणात्मक झाली. तथापि मातीची ओळख आजही मुख्यत्वे या एका आकड्यावरूनच करून घेतली जाते. महामार्गापुरते त्याविषयी फारसे बोलावयाचे नाही. सोलापूर-अकोल्याकडील काळ्या जमिनीवरच्या गल्लीस मात्र तो पुरा पडत नाही, असे आम्हांस वाटते.

चाचणीचे स्वरूपच पाहावे. साच्यातील माती चार दिवस पाण्यात भिजवून तीत 50 मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटास 1.25 मिलिमीटर या गतीने दाबतात, आणि 2.5 व 5 मिलिमीटर शिरकावास लागलेला भार अनुक्रमे 1370 व 2055 किलोग्रॅम या प्रमाण-भारांशी ताडून पाहतात. माती भिजत असता ती किती फुगली याचीही नोंद याच वेळी होते. अहवालात हा फुगवटा लिहिला जातो, परंतु जाडीच्या आलेखात त्यास स्थान नाही! भिजलेल्या मातीचे बळ आलेख जाणतो. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा आणि आषाढात तिचे फुगणे तो जाणत नाही. माँटमोरिलोनाइटयुक्त मातीत दोष केवळ दुर्बलतेचा नसून या आंदोलनाचा आहे.

आता भाराचा विचार करू. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या आशो रस्ता-प्रयोगातून निघालेल्या चतुर्थ घाताच्या नियमाने पाहिल्यास, 500 किलोग्रॅम अक्षभाराच्या लहान मोटारीचे सुमारे 70,000 अक्ष मिळून 8160 किलोग्रॅमच्या एका प्रमाण-अक्षाइतकी हानी करतात. रोज शंभर मोटारी जाणाऱ्या गल्लीत त्यास जवळजवळ वर्ष लागेल. कचऱ्याची अवजड गाडी व बांधकामाची वाळू आणणारी लॉरी यांचा हिशेब अवश्य धरावा. पण गल्लीत कडेने धावणाऱ्या लांब भेगा चाकांच्या मार्गातच पडत नाहीत. त्या गटाराच्या, झाडाच्या किंवा गळक्या नळाच्या बाजूने पडतात. म्हणजे जेथे ओलावा बदलतो, तेथे.

मार्गदर्शिकेस याचा अगदीच विसर पडला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2001 च्या आवृत्तीत फुगणाऱ्या मातीवर 0.6 ते 1 मीटर जाडीचा न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर सुचविलेला आहे. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रा. आर. के. कट्टी यांनी केलेले संशोधन याच दिशेचे. अशी माती कमी घनतेस व अधिक ओलाव्यावर दाबावी, हा रोलर फिरविणाऱ्यास उलटा वाटणारा नियमही तेथे आहे. परंतु या सूचना मोकळ्या माळावरील रस्त्यास सोप्या. गल्लीत घरांचे उंबरठे ठरलेले असतात. रस्ता वर घ्यावा तर पावसाचे पाणी ओट्यावरून घरात शिरते. खाली खोदावा तर मीटरभर खोलीत नळ, केबल आणि जुन्या घरांचे उथळ पाये आडवे येतात. तेव्हा बहुधा दुसरा, कमी खोदाईचा उपाय घ्यावा लागतो : निदान 225 मिलिमीटर मुरमाचा किंवा वाळूचा थर. हा थर पूर्ण रुंदीत, गटाराच्या भिंतीपर्यंत नेला आणि त्यातील पाण्यास वाट ठेवली, तरच त्याचा उपयोग. एरवी तोच पाणी साठविणारे कुंड होतो.

काँक्रीट घातले की प्रश्न मिटला, ही समजूतही तपासली पाहिजे. खालची माती एकसारखी न फुगता ठिकठिकाणी निरनिराळी फुगली, तर काँक्रीटचा तक्ता लवचीक थरासारखा तिच्याशी जुळवून घेत नाही. शिवाय पुढे नळासाठी चर खणून तो काळ्याच मातीने सैल भरला, तर तेथील तक्त्याचा आधारच जातो.

आमचे म्हणणे एवढेच, की अशा गल्लीचा आराखडा एकाच मोसमातील नमुन्यावर बेतू नये. मे महिन्यात आणि सप्टेंबरात, रस्त्याच्या मध्यावर व गटाराकाठी चाचणी-खड्डे घेऊन ओलावा मोजावा, मुक्त फुगवटा काढावा, आणि सी. बी. आर.च्या साच्यातील फुगवट्याचा आकडा जाडीच्या आकड्याशेजारी मांडून मगच छेद ठरवावा.