विसाच्या नोटेची मागची बाजू

नोटेवर कोणती स्त्री असावी, असा विषय निघाला की सावित्रीबाई, अहिल्याबाई ही नावं आपोआप येतात. त्यांची टपाल तिकिटं निघालेली आहेतच. मी जालन्याचा, मला बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या, रझाकारांविरुद्ध लढलेल्या दगडाबाई शेळके आठवतात.

पण खरी अडचण नोटेच्या चित्ररीतीत आहे. गांधीजींचा हसरा चेहरा १९४६च्या छायाचित्रातून कापून घेतलेला. शेजारचे पेथिक-लॉरेन्स गळाले. दगडाबाईंभोवतीचं गाव असंच कापलं, तर उरेल नुसती देवी. नोटेची मागची बाजू मात्र अख्खं दृश्य सामावते. विसाच्या नोटेवर २०१९पासून तिथे वेरूळ आहे. मराठवाड्याचा दगड पोचला. आता दगडाबाईही पोचाव्यात, मागेच, पण गावासकट.