‘ले पीर’ : वाईटातली वाईट मुलं

नाव वाचून कुणाला पीरबाबाचा दर्गा आठवला असेल, पण तसं काही नाही. फ्रेंचमध्ये ‘ले पीर’ म्हणजे ‘सगळ्यात वाईट’. लीझ अकोका आणि रोमान गेरे या दोघींच्या या चित्रपटाला २०२२ साली कान महोत्सवात ‘अं सर्तँ रगार’ विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं.

गोष्ट घडते उत्तर फ्रान्समधल्या बुलोन-स्युर-मेर या मासेमारीच्या बंदरात. गॅब्रिएल नावाचा बेल्जियन दिग्दर्शक तिथल्या गरीब वस्तीत चित्रपट करायला येतो आणि भूमिकांसाठी वस्तीतलीच मुलं निवडतो. निवडतो ती नेमकी मारकुटी, बदनाम, तुरुंगात जाऊन आलेली. वस्तीतल्या लोकांचा सवाल साधा आहे : आमच्यात चांगली मुलं नाहीत का? वाईट तेवढीच का घेता?

हा सवाल आपल्याला नवा नाही. २००९ साली ‘स्लमडॉग मिलिऑनेअर’ला आठ ऑस्कर मिळाली, तेव्हा परदेशातल्या किती मराठी माणसांना ऑफिसात धारावीबद्दलच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागलं! त्यातली दोन मुलं वांद्र्याच्या झोपडपट्टीतली होती. निर्मात्यांनी त्यांच्यासाठी ट्रस्ट केला, पण त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या झोपड्या पाडल्या गेल्या.

चित्रपटाची खरी ताकद रायन आणि लिली या दोघांत आहे. रायन लहानगा, रागीट, बहिणीकडे राहणारा. मारामारीच्या प्रसंगात गॅब्रिएल बाकीच्या मुलांना त्याला डिवचायला लावतो आणि खोटी मारामारी बघता बघता खरी होते. कॅमेरा चालूच राहतो. दिग्दर्शकाला हवा तो शॉट मिळतो, आणि आपल्या पोटात गोळा येतो. लिली पंधरा-सोळाची. धाकटा भाऊ कॅन्सरने गेलेला, वस्तीत नाव खराब झालेलं. सेटवर कुणीतरी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट लक्ष देतं, आणि पोर त्यात गुंतते. मॅलरी वानेकनं हे काम इतकं सहज केलंय की अभिनय कुठे सुरू होतो ते कळत नाही. पुढे ‘सेझार’साठी तिचं नामांकनही झालं.

आता माझी तक्रार. ज्या दोघी गॅब्रिएलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात, त्यांनीही नवखी मुलंच घेतली, त्यांनाही रडवलं. याची त्यांना जाणीव आहे. म्हणून तर त्यांनी गॅब्रिएलला खलनायक केलेलं नाही, तो बापडा प्रेमळही आहे. पण शेवटच्या कबुतरांच्या प्रसंगात त्या त्याला जरा स्वस्तात सोडतात. डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या पाण्यात मघाचा प्रश्न वाहून जातो. युनिट सामान बांधून निघून गेल्यावर या मुलांचं काय, तिथवर चित्रपट जातच नाही.

‘फँड्री’मध्ये (२०१३) नागराज मंजुळे यांनीही गावातलाच मुलगा, सोमनाथ अवघडे, घेतला होता. पण ते जग दिग्दर्शकाच्या ओळखीचं होतं. मला तो फरक मोठा वाटतो. जब्यानं फेकलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. इथे तो मध्येच कुणीतरी झेलल्यासारखा वाटतो.

तरीही चित्रपट जरूर बघा. शिव्या भरपूर आहेत आणि एक-दोन प्रसंग अवघडवणारे आहेत, तेव्हा धाकट्यांना झोपवून मगच लावा. घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मात्र शेजारी बसवा. गॅब्रिएलचं चुकलं का, यावर त्यांचं मत आपल्यापेक्षा वेगळं निघण्याची दाट शक्यता आहे.